अद्भुतकथेत खऱ्या इतिहासातले दुःख घेताना

अद्भुतकथेतले राज्य कल्पित असते, नकाशा कल्पित असतो, देवदेवताही कल्पित असतात. पण त्या राज्यात होणारी कत्तल बहुतेक वेळा कुठेतरी, कधीतरी खरोखर झालेली असते. वेढ्यात उपाशी मरणारे शहर, बोली लावून विकली जाणारी माणसे, तारेच्या कुंपणाआड डांबलेली जमात, रात्री यजमानाचाच गळा कापणारा पाहुणा, हे प्रसंग लेखक इतिहासातून उचलतो. कधी समजून-उमजून, कधी वाचलेल्या-ऐकलेल्या गोष्टींतून नकळत. उचलण्यात गैर काही नाही. दुःखाला हातच लावायचा नाही असे ठरवले, तर हा साहित्यप्रकार पोकळ होईल. मात्र नावे बदलली, काळ बदलला, आकाशात दोन चंद्र टांगले की त्या खऱ्या माणसांशी असलेला संबंध तुटतो, हा समज खोटा आहे. वाचकाला मूळ घटना ओळखू येत असेल, तर ती भोगणाऱ्यांचे देणे लेखकाच्या माथी तसेच राहते.

एका बाबतीत ही जबाबदारी ऐतिहासिक कादंबरीपेक्षाही मोठी आहे. पानिपतावरची कादंबरी वाचणाऱ्याला शंका आली तर तो बखर उघडू शकतो, त्या काळातली पत्रे पाहू शकतो. कल्पित राज्यातल्या घटनेची अशी पडताळणी होत नाही. त्या जगात रोग का येतो, युद्ध का पेटते, कोणती जमात कशी वागते हे सगळे लेखकच ठरवतो आणि वाचक ते मान्य करून पुढे जातो. तसे मान्य केल्याशिवाय अद्भुतकथा वाचताच येत नाही. त्यामुळे इतिहासात जे केवळ लांछन होते, ते अद्भुतकथेत निसर्गनियम होऊन बसू शकते. माणसांनी थंड डोक्याने केलेले कृत्य एखाद्या शापाच्या किंवा सैतानाच्या खात्यावर सहज जमा होऊ शकते.

म्हणून असे लेखन करणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी : दुःख घेतले, तर त्याचे कारणही घ्यायचे. कुणी हुकूम दिला, कुणाला त्यात पैसा मिळाला, कुणी नोंदी ठेवल्या, शेजारी गप्प का बसले, हे त्या दुःखाचेच भाग आहेत. ते गाळून फक्त रक्त, आक्रोश आणि जळती घरे घेणे म्हणजे मेलेल्यांचा उपयोग नेपथ्यासारखा करणे.

कोणत्या घटनेला हात घालायचा, हा पहिला निर्णय. किती काळ लोटला यावरून तो घेण्याची सवय असते, पण वर्षे मोजून काम भागत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’मधले लग्नातले हत्याकांड स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटनांवरून सुचले, हे त्यांनीच सांगितले आहे. त्यांपैकी एक म्हणजे १३ फेब्रुवारी १६९२ ची ग्लेन्को येथील कत्तल. मॅकडोनाल्ड कुळाच्या घरांत जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार घेतलेल्या सरकारी सैनिकांनी पहाटे उठून यजमानांनाच मारले. ही आठवण आजही जपली जाते; पण मॅकडोनाल्ड आडनावाच्या माणसाला त्या पहाटेमुळे आज कुणी घर नाकारत नाही की पोलीस ठाण्यात बसवून ठेवत नाही. मार्टिन यांना जे स्वातंत्र्य मिळाले, ते यामुळे.

याउलट ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याची झळ संपलेली नाही. चोरी झाली की त्या जमातींपैकी पारध्यांच्या वस्तीवर आजही आधी संशय जातो. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की या घटनेची किंमत आज कुणी मोजत आहे का? मोजत असेल, तर लिहायला बंदी नाही, पण वाचन, विचारपूस आणि काटेकोरपणा कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. घटना घडलीच नाही असे म्हणणारे लोक अजून असतील, तर आणखी सावध राहावे लागते. नानजिंगचे उदाहरण याच जातीचे आहे.

१३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी फौजा नानजिंगमध्ये शिरल्या आणि पुढचे सुमारे सहा आठवडे शहरात हत्या, बलात्कार आणि लूट चालू राहिली. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयाने मृतांचा आकडा २ लाखांहून अधिक धरला, चीनचे सरकार ३ लाख सांगते आणि जपानमधला एक गट आजही हे सगळे खोटे किंवा फुगवलेले मानतो. आर. एफ. क्वांग यांच्या ‘द पॉपी वॉर’ (२०१८) या कादंबरीत निकान नावाच्या कल्पित साम्राज्यावर मुगेनची फौज चालून येते आणि गोलिन नीस हे शहर उद्ध्वस्त करते. हे नानजिंगच आहे, हे लेखिकेने कधी लपवले नाही. आयरिस चांग यांच्या १९९७ च्या नानजिंगवरील पुस्तकाचे ऋणही त्यांनी मान्य केले आहे. अशा वादात सापडलेल्या घटनेवर लिहिणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे. मूळ घटनेतल्या क्रौर्यात आपल्या पदरचे क्रौर्य मिसळू नये. मिसळण्याची गरज नसते. साक्षींमध्ये जे आहे ते कल्पनेला पुरून उरते. शिवाय लेखकाने रचलेला एकच भडक प्रसंग नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत देतो. ‘हे कादंबरीवाल्यांनी पिकवलेले आहे’ असे म्हणायला त्यांना जागा मिळते.

वाचन कोणत्या क्रमाने करावे, यालाही महत्त्व आहे. आधी साक्षी, मग इतिहासकारांचे ग्रंथ, शेवटी अत्याचार करणाऱ्यांची कागदपत्रे. चित्रपट आणि इतर कादंबऱ्या यांतून सुरुवात केली, तर हाती येतो तो दुसऱ्या कुणीतरी आधीच निवडून ठेवलेला भयंकर क्षण, आणि मग प्रत्येक पुस्तकात तोच क्षण फिरत राहतो. साक्षींमध्ये वेगळेच काही सापडते. नानजिंगच्या बाबतीत जॉन राबे हा जर्मन व्यापारी आणि मिनी व्हॉट्रिन ही अमेरिकन शिक्षिका यांच्या रोजनिश्या उपलब्ध आहेत. राबे नाझी पक्षाचा सदस्य होता आणि तोच शहरातल्या सुरक्षित क्षेत्राच्या समितीचा प्रमुख होता. व्हॉट्रिनबाईंनी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात हजारो स्त्रिया-मुलींना आसरा दिला. कुठल्याही ठोकळेबाज कथेत नाझी पक्षाचा माणूस चिनी नागरिकांचा रक्षक म्हणून सुचणार नाही. अशा रोजनिश्या वाचल्यावरच कळते की कत्तलीच्या दिवसांतही माणसे तांदूळ मोजत होती, फाटकावर पहारा देत होती, निषेधाची पत्रे लिहीत होती. कल्पित शहराला खरेपणा येतो तो या कामांनी.

मराठी लेखकाजवळ या बाबतीत मोठे धन आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने, दोन्ही साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, भटक्या-विमुक्तांच्या जगण्याची आतून दिलेली साक्ष आहेत. कल्पित राज्यात फिरस्ती जमात आणायची असेल, तर परदेशी मालिकांतले जिप्सी उचलण्याआधी ही पुस्तके पुन्हा वाचावीत.

आता मुख्य मुद्दा, जादू आणि कारण यांच्या नात्याचा. अद्भुतकथेत जादू हवीच. प्रश्न असतो ती कुठे ठेवायची याचा. १७८१ मध्ये ‘झोंग’ नावाचे जहाज आफ्रिकेतून गुलाम केलेली माणसे घेऊन जमैकाकडे निघाले होते. वाटेत खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली. पाणी संपत आले होते ही सबब पुढे करून जहाजाच्या मालकांनी ‘मालाच्या’ नुकसानीचा विमा मागितला. विमा देणाऱ्यांनी पैसे द्यायला नकार दिला म्हणून प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात गेले. खटला विम्याचा चालला, खुनाचा नाही, आणि त्या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

समजा, एखाद्या लेखकाने हा प्रसंग कल्पित समुद्रावर नेला. एका मसुद्यात वादळाचा देव कोपतो आणि घाबरलेले खलाशी त्याला नरबळी देतात. दुसऱ्यात जहाजावरचा कारकून वहीत हिशेब करतो, की बंदरात उतरवलेल्या आजारी माणसाला भाव येणार नाही, बुडालेल्याची भरपाई मात्र मिळेल. पहिला मसुदा वाचताना थरार जास्त वाटेल. पण त्यात खलाशी अंधश्रद्धेचे बळी होतात, देव गुन्हेगार ठरतो आणि तो देव तर मुळात नाहीच. म्हणजे गुन्हेगार कुणीच उरत नाही. दुसऱ्या मसुद्यात देव असला तरी चालेल, समुद्रात राक्षस असले तरी चालतील, फक्त त्या वहीला हात लावू नये. रिव्हर्स सॉलोमन यांच्या ‘द डीप’ (२०१९) या लघुकादंबरीने हेच साधले आहे. जहाजांवरून फेकल्या गेलेल्या गरोदर स्त्रियांच्या पोटची मुले पाण्याखाली जगली आणि त्यांचा एक समाज झाला, अशी तिची कल्पना आहे. जादू सुरू होते ती माणसे पाण्यात पडल्यानंतर. त्यांना फेकणारे हात माणसांचेच राहतात. जादू या सीमेच्या कोणत्या बाजूला ठेवली आहे, हे प्रत्येक लेखकाने आपल्या कथानकावर तपासून पाहावे.

जेन योलेन यांची ‘ब्रायर रोझ’ (१९९२) या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगी आहे. तिच्यामागची घटना अशी : पोलंडमधल्या खेल्मनो येथे नाझींनी ८ डिसेंबर १९४१ पासून माणसे मारायला सुरुवात केली. गावातल्या जुन्या वाड्यात ज्यूंना आणले जाई, कामाला जायचे आहे, आधी अंघोळ करा असे सांगून कपडे उतरवायला लावले जाई आणि तळघरातून थेट बंद मालमोटारीत चढवले जाई. मोटारीचा धूर नळीने आत सोडलेला असे. मोटार जंगलाकडे निघे आणि तिथे प्रेते पुरली जात. अशा रीतीने दीड लाखांहून अधिक माणसे मारली गेली. जिवंत सुटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

योलेन यांच्या कादंबरीत एक आजी आपल्या नातींना झोपलेल्या राजकन्येची गोष्ट सांगत असते आणि ती राजकन्या मीच होते असे म्हणते. तिच्या मृत्यूनंतर एक नात पोलंडला जाते आणि गोष्टीचा एकेक तुकडा उलगडतो : गोष्टीतला वाडा हा तो वाडा, काट्यांची जाळी ही काटेरी तार, सगळ्यांना झोपवणारे धुके म्हणजे मोटारीतला धूर. राजपुत्राचे चुंबन हा जंगलातल्या बंडखोर तरुणाने गुदमरलेल्या मुलीच्या तोंडात भरलेला श्वास असतो. परीकथा इथे इतिहासावर पांघरूण घालत नाही. जे बोलता येत नव्हते ते सांगण्यासाठी एका स्त्रीने तयार केलेली ती सांकेतिक भाषा ठरते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मूळ परीकथेत राजकन्येबरोबर सगळा राजवाडा जागा होतो. आजीच्या गोष्टीत मात्र बाकीचे झोपलेलेच राहतात. जादूने मेलेल्यांना परत आणले असते, तर पुस्तक खोटे झाले असते.

यातून एक सूचना निघते आणि ती जवळपास नियमासारखी पाळावी. खऱ्या सामूहिक मृत्यूवर आधारलेल्या कथेत मेलेल्यांना जिवंत करू नये, काळ मागे फिरवून घटना पुसू नये आणि एका निवडलेल्या वीराच्या तलवारीने सगळे निस्तरू नये. असा शेवट वाचकाला दिलासा देतो, पण ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्या जिवावर. भूत चालेल. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) मध्ये मारलेली मुलगी परत येते, पण आईला सुख द्यायला येत नाही. त्या कथेमागे मार्गारेट गार्नर ही खरी स्त्री आहे. १८५६ मध्ये ती केंटकीतून पळून सिनसिनाटीला पोचली आणि पकडणारे दाराशी आले तेव्हा मुलगी पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये म्हणून तिने तिला मारले. मॉरिसन यांनी गार्नरच्या आयुष्याचा तपशील मुद्दाम फार खणला नाही. त्या एका कृत्याचा अर्थ शोधण्यासाठी त्यांनी स्वतंत्र पात्र घडवले. खऱ्या व्यक्तीला जसेच्या तसे उचलण्यापेक्षा हा मार्ग अनेकदा अधिक आदराचा असतो. कॅनडाचे कादंबरीकार गाय गॅव्हरिएल के यांनीही मध्ययुगीन स्पेनसारख्या देशांवर लिहिताना मूळ नावे सोडून दिली, ती याच भूमिकेतून. होऊन गेलेल्या माणसाच्या मनात काय होते हे आपल्याला ठाऊक असल्याचा आव आणू नये, असे त्यांचे म्हणणे.

‘द पॉपी वॉर’मध्ये जादू आणखी वेगळ्या जागी आहे. नायिका रिन हिला अग्निदेवतेची शक्ती मिळते आणि गोलिन नीसचा सूड म्हणून ती शत्रूचे आख्खे बेट जाळून टाकते. वाचकाला हिरोशिमा आणि नागासाकी आठवल्याशिवाय राहत नाही. ही शक्ती वापरताना रिनला आधी स्वतःला पटवावे लागते की पलीकडची माणसे ही माणसेच नाहीत; म्हणजे शत्रूने तिच्या लोकांविषयी जे मानले, तेच तिला त्यांच्याविषयी मानावे लागते. जपानच्या युनिट ७३१ मध्ये हार्बिनजवळ जिवंत कैद्यांवर प्रयोग करणारे लोक कैद्यांना ‘लाकडाचे ओंडके’ म्हणत. कादंबरीतही असे प्रयोग करणारा एक डॉक्टर आहे. अशा तऱ्हेने क्रौर्य घडते कसे, ही यंत्रणा कादंबरीत शाबूत राहते आणि जादू त्या यंत्रणेतून कुणाचीही सुटका करत नाही.

याहून अवघड आहे तो लांछनाचा प्रश्न. पुन्हा गुन्हेगार जमाती कायद्याकडे पाहावे. काही जमाती जन्मतःच चोर असतात, हे त्याचे गृहीतक होते. नोंदणी झालेल्या माणसाला हजेरी लागे, गाव सोडायला पास लागे, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या; लोक त्यांना सेटलमेंट म्हणत. आता एखाद्या नवख्या लेखकाच्या मनात येते की आपल्या राज्यात अशीच एक जमात असावी : जन्मतःच तळहातावर काळी खूण, खूण असलेल्याचा हात आपोआप दुसऱ्याच्या खिशाकडे जातो आणि राजा त्यांना डोंगरापलीकडे कोंडून ठेवतो. नायक त्याच जमातीतला आहे, तो चांगला निघतो आणि शेवटी राजा त्याला जवळ करतो. लेखकाचा हेतू सहानुभूतीचाच आहे. पण त्या तळहातावरच्या खुणेने कायद्याची थाप त्या जगापुरती खरी करून टाकली आहे. राजाने कोंडले ते बरोबरच होते, फक्त एक अपवाद निघाला, एवढेच ती कथा सांगते. दुरुस्ती सोपी आहे आणि कथाही तिच्यामुळे सुधारते. खूण जन्माने येऊ नये, ती राजाच्या माणसांनी डागलेली असावी. आणि ती डागल्यावर कुणी काम देत नाही म्हणून माणसे काय करू लागतात, ते दाखवावे. हजेरीची वही, पास, कुंपण, मुलांना वेगळे ठेवणे हे सगळे राहू द्यावे. जादू हवीच असेल, तर ती त्या वहीत ठेवावी : नाव लिहिले की माणूस वेशीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. अशी जादू खऱ्या कायद्याचे रूप आणखी स्पष्ट करते.

छळ झालेल्या समाजाला खरोखरच घातक शक्ती देण्याचा मार्ग एन. के. जेमिसिन यांनी ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) मध्ये पत्करला. त्यातले ऑरोजीन लोक भूकंप घडवू शकतात आणि थांबवूही शकतात, म्हणून त्यांना लहानपणी पकडून, मोडून, राज्याच्या कामाला जुंपले जाते. पण जेमिसिन यांनी भीतीला सबब होऊ दिले नाही. मुलांना यंत्राच्या भागासारखे वापरणाऱ्या व्यवस्थेचा नफा कुणाला होतो, हे त्या पानोपानी दाखवतात. तेवढी तयारी नसेल, तर नवख्या लेखकाने या वाटेने जाऊ नये.

दुःख कुणाच्या डोळ्यांनी दिसते, हेही तितकेच निर्णायक असते. जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) ही कादंबरी लेखकाने बोधकथा म्हणून मांडली. ऑश्विट्झ छावणीच्या नाझी अधिकाऱ्याचा मुलगा आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा यांची मैत्री, आणि शेवटी दोघांचाही मृत्यू, असे तिचे कथानक आहे. प्रत्यक्षात ऑश्विट्झला आलेली त्या वयाची ज्यू मुले बहुतेक करून उतरताच मारली जात. कुंपणाशी बसून रोज गप्पा मारणे अशक्य होते. ऑश्विट्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले की या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. बोधकथा आहे म्हणून तपशील माफ, असे म्हणता येईल. पण मोठी अडचण तपशिलाची नाहीच. वाचकाचे अश्रू ज्या क्षणी वाहतात, तो क्षण अधिकाऱ्याच्या घरातल्या शोकाचा आहे. बाजूला मेलेले हजारो नावाशिवाय राहतात. लेखकाने मसुदा पूर्ण झाल्यावर एवढेच पाहावे : सर्वांत मोठा शोक कुणाचा आहे, आणि ज्यांच्यावर बेतले ते पानावर बोलतात की फक्त मरतात?

हिंसेचा प्रसंग किती लिहावा, याला माप नाही. ऑक्टेविया बटलर यांनी ‘किंड्रेड’ (१९७९) साठी गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आत्मकथा वाचल्या, मेरीलँडला जाऊन जागा पाहिल्या आणि मग ठरवले की प्रत्यक्षाहून सौम्य चित्र काढायचे. आहे तसे लिहिले तर कुणी वाचणार नाही. ‘द पॉपी वॉर’मध्ये उलट निर्णय आहे. गोलिन नीसचे प्रकरण प्रेतांच्या वर्णनांनी भरलेले आहे आणि ते सहन करण्याच्या अगदी कडेवर नेते. त्यातला सर्वांत प्रभावी भाग मात्र वर्णनाचा नाही. व्हेन्का हे पात्र, जिला वाचक आधीपासून एक तोऱ्यातली विद्यार्थिनी म्हणून ओळखतो, आपल्यावर काय गुदरले ते रिनला स्वतः सांगते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ही रीत जवळजवळ नेहमीच योग्य ठरते. निवेदकाने खोलीत शिरू नये. सांगायचे किती आणि कसे, हे जिच्यावर गुदरले तिच्या हाती द्यावे. आणि त्यानंतर तिला कथेतून घालवू नये, तिला पुढचे आयुष्य द्यावे.

एखाद्या समाजाच्या श्रद्धा उचलणे हाही दुःखाशीच जोडलेला विषय आहे, विशेषतः त्या समाजाच्या श्रद्धा एके काळी बळाने दडपल्या गेल्या असतील तर. जे. के. रोलिंग यांनी २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जादूचा कल्पित इतिहास लिहिताना नवाहो लोकांच्या परंपरेतली रूप बदलणाऱ्यांची भीतिदायक आख्यायिका आपल्या जादूगारांविषयीची अफवा म्हणून वापरली. मूळ अमेरिकन अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली आणि ती रास्त होती. गावदेव, भगत, अंगात येणे, आदिवासींचे विधी यांच्याकडे ‘मसाला’ म्हणून पाहणाऱ्या मराठी लेखकालाही ती लागू पडते.

मग त्या समाजात जन्मलेल्यानेच लिहावे का? वर आलेली चांगली उदाहरणे बहुतेक वारसदारांची आहेत. क्वांग यांच्या घरी आजीआजोबांच्या पिढीने युद्ध पाहिले होते, योलेन ज्यू आहेत, मॉरिसन आणि बटलर कृष्णवर्णीय होत्या, जेमिसिनही कृष्णवर्णीय आहेत. त्यांना जे घरबसल्या मिळाले ते बाहेरच्याने वर्षानुवर्षे वाचून, ऐकून, भेटून मिळवावे लागते. जन्माने परवाना मिळत नाही, आणि जन्म नाही म्हणून दारही बंद होत नाही. त्या समाजातले वाचक मसुदा वाचणार असतील, तर त्यांना वेळेचा मोबदला द्यावा, त्यांनी काढलेली चूक दुरुस्त करायला पुरेसा अवधी हाताशी ठेवावा आणि एका वाचकाच्या होकाराला संपूर्ण समाजाची संमती समजू नये.

वाचकाच्या मनात कोणता इतिहास जागा होईल, याचा अंदाजही घ्यावा. अमेली वेन झाओ यांच्या ‘ब्लड एअर’मधल्या गुलामांच्या प्रसंगांवर २०१९ च्या सुरुवातीला, पुस्तक बाहेर येण्याआधीच, आक्षेप घेतले गेले. लेखिकेच्या मनात आशियातली मानवी तस्करी आणि वेठबिगारी होती. अमेरिकन वाचकांना स्वतःच्या देशातली गुलामगिरी दिसली. झाओ यांनी प्रकाशन थांबवले, मजकूर पुन्हा तपासला आणि पुस्तक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले. कोणत्या इतिहासावर कथा बेतली आहे याच्या खुणा मजकुरातच असाव्यात : पिके, कर्जाचे कागद, मुकादमाची भाषा, पळून जाणारे कुठे लपतात ते.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे निवेदन द्यावे, आणि ते दोन ओळींच्या आभारांवर भागवू नये. कशावरून घेतले, कोणती पुस्तके वाचली, कुठे बदल केला आणि का, हे साध्या भाषेत सांगावे. योलेन यांनी ‘ब्रायर रोझ’च्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे की खेल्मनोतून कुणी स्त्री जिवंत सुटल्याचे त्यांना माहीत नाही, म्हणजे आपल्या नायिकेचे वाचणे ही कल्पना आहे, हे वाचकाला त्या स्वतःच सांगतात. असे निवेदन शेवटी असावे, कारण आधी दिले तर कथेचे कोडे फुटते. हिंसेविषयीची सूचना मात्र सुरुवातीलाच हवी, दिवाळी अंकातल्या कथेलासुद्धा. मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशक लिहितो, पण त्याचा कच्चा खर्डा मागून वाचावा. खऱ्या हत्याकांडाला ‘थरारक’, ‘चित्तवेधक’ असली विशेषणे लागली असतील तर ती काढायला लावावीत. मुखपृष्ठावर साखळ्या, तारा किंवा प्रेते शोभेसारखी वापरली असतील तर चित्र बदलायला सांगावे. घटना ओळखता येण्याजोगी असेल आणि पुस्तकाला बऱ्यापैकी पैसा मिळाला, तर त्यातला वाटा त्या समाजाच्या ग्रंथालयाला किंवा साक्षी जपणाऱ्या संस्थेला द्यावा. ही सक्ती नाही, पण योग्य आहे.

पुस्तक आल्यावर आक्षेप येतीलच. ते दोन प्रकारचे असतात. तपशील चुकला असेल, वर्ष, विधी किंवा जमातीचे नाव, तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी आणि निवेदनात तसे नोंदवावे. कारणच उलटे झाले असेल, म्हणजे पीडितांनाच दोषी ठरवणारा नियम कथेच्या जगात बसला असेल, तर दोन वाक्ये बदलून भागत नाही. तो भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि तसे करणे शक्य नसेल तर नवी आवृत्ती काढण्याची घाई करू नये.